‘फुल्ल’ म्हणजे पैकीच्या पैकी नव्हे

जर्मनीत नोकरी सोडताना निरोपाचा केक असो नसो, एक कागद मागून घ्यायचा असतो. त्याचं नाव ‘आर्बाइट्सत्सॉयग्निस’, म्हणजे मालकाने दिलेलं कामाचं प्रशस्तिपत्र. स्टुटगार्टमधली पहिली नोकरी सोडताना मी तो मागितला, तोही इंग्रजीत. त्यातल्या एका वाक्यावर मी बेहद्द खूश झाले: ‘शी परफॉर्म्ड हर ड्यूटीज टू अवर फुल सॅटिस्फॅक्शन.’ फुल्ल! सांगलीला फोन करून आईला वाचून दाखवलं. संध्याकाळपर्यंत ते आमच्या अख्ख्या गल्लीला कळलं होतं.

तो कागद जोडून मी सहा ठिकाणी अर्ज केले. एकाही ठिकाणाहून बोलावणं आलं नाही. कारण तेवढंच असेल असं म्हणत नाही. पण आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात, आयुष्यभर एका कचेरीत नोकरभरतीचं काम करून निवृत्त झालेल्या. मनात मी त्यांना आजी म्हणते, तोंडावर मात्र ‘फ्राऊ’ लावून आडनावाने. त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला आणि एकच शब्द उच्चारला, “द्राय.” तीन.

जर्मन शाळेत एक ते सहा गुण असतात. एक सर्वांत वरचा, सहा सर्वांत खालचा. तीन म्हणजे ठीकठाक. प्रशस्तिपत्रातल्या ठरावीक वाक्यांनाही हेच गुण चिकटलेले असतात. ‘नेहमी आमच्या पूर्णतम समाधानाने’ म्हणजे एक. ‘नेहमी पूर्ण समाधानाने’ म्हणजे दोन. ‘नेहमी’ गळालं की तीन. ‘पूर्ण’ही गेलं, नुसतं ‘समाधानाने’ उरलं, की चार. आणि ‘तिने प्रयत्न केले’ असं लिहिलं असेल, तर तो कागद कपाटातच राहू द्यावा.

गंमत म्हणजे प्रशस्तिपत्राची भाषा स्पष्ट हवी, वरवर एक आणि आत दुसरंच असं लिहू नये, हे तिथल्या व्यवसाय कायद्याच्या कलम 109 मध्येच म्हटलं आहे. न्यायालयांच्या मते ते खरंही हवं आणि नोकराचं भलं चिंतणारंही हवं. खरं आणि गोड दोन्ही एकदम बोलायचं म्हटल्यावर ही शिडी तयार झाली. 18 नोव्हेंबर 2014 रोजी तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने बर्लिनमधल्या एका दवाखान्यातल्या कर्मचारी बाईंच्या खटल्यात सांगितलं, की ‘पूर्ण समाधान’ हीच सरासरी. त्याहून वरचं हवं असेल तर आपलं काम तसं होतं हे नोकराने सिद्ध करायचं. त्याहून खालचं द्यायचं असेल तर मालकाने.

माझ्या कागदावरचे शब्द इंग्रजी होते, पण शिडी जर्मन होती. मी वाचत होते सांगलीच्या चष्म्यातून.

एवढं शिकूनही दुसऱ्यांदा ठेच लागलीच. नव्या नोकरीत आमच्याकडे अर्धवेळ काम करणारा एक विद्यार्थी इंग्लंडला शिकायला निघाला. त्याच्यासाठी मी शिफारसपत्र लिहिलं: ‘व्हेरी सिंपथेटिक’. ऑफिसातले जर्मन सहकारी हा शब्द इतका सहज वापरत, की माझ्याही तोंडी बसला होता. जर्मनमधलं ‘झिंपाटिश’ म्हणजे मनमिळाऊ, बघताक्षणी आवडणारा. इंग्रजीतलं ‘सिंपथेटिक’ म्हणजे दुसऱ्याच्या दुःखात सहानुभूती दाखवणारा. यंत्राचे आराखडे काढणाऱ्या मुलाला मी सांत्वनाच्या कामाला लावलं होतं.

तेव्हापासून काही नियम मी स्वतःला घालून घेतले आहेत.

पहिला: शब्द ओळखीचा वाटला की आधी थांबा. जर्मन ‘गेनिआल’ म्हणजे प्रतिभावान, इंग्रजी ‘जीनियल’ म्हणजे हसतमुख. जर्मन ‘ब्राव्ह’ म्हणजे शहाणं बाळ, इंग्रजी ‘ब्रेव्ह’ म्हणजे शूर. आपणही यात मागे नाही. ‘तो स्मार्ट आहे’ म्हणताना आपल्या मनात इस्त्रीचा शर्ट असतो, इंग्रजी वाचणाऱ्याच्या मनात बहुधा बुद्धी.

दुसरा: माणसाचं वर्णन आणि कामाचं वर्णन वेगळं ठेवा. मराठीत ‘छान मुलगी’ आणि ‘ती छान गाते’ यांत ‘छान’ तेच राहतं. जर्मनमध्येही ‘शोन’चं, म्हणजे ‘सुंदर’चं, तसंच: ‘ती शोन गाते.’ म्हणून जर्मन आणि मराठी माणूस इंग्रजीत एकाच खड्ड्यात पडतो: ‘शी सिंग्ज ब्यूटिफुल.’ तिथे ‘ब्यूटिफुली’ हवं. ‘गुड’चं ‘वेल’ होतं. पण ‘ली’ लावायची सवय अंगात भिनली तर ‘शी वर्क्स हार्डली’ लिहून बसाल. त्याचा अर्थ ती जेमतेमच काम करते! मेहनती माणसासाठी ‘वर्क्स हार्ड’ एवढंच.

तिसरा: शिखरावरच्या शब्दाला आणखी उंच करू नका. ‘एक्सलंट’, ‘परफेक्ट’, ‘युनिक’ यांच्याआधी ‘व्हेरी’ लावलं की शब्द मोठा होत नाही, लिहिणारा लहान दिसतो. पूर्णाचं पूर्णतम कसं होणार, असं जर्मन व्याकरणवालेही म्हणतात. प्रशस्तिपत्रात मात्र ते रूढ झालं आहे. आपणही हसायला नको. ‘श्रेष्ठ’ हा मुळातच सर्वांत वरच्या पायरीचा शब्द, तरी आपण ‘श्रेष्ठतम’ लिहितोच. ‘उत्तम’मध्ये ‘तम’ आधीच बसलेला आहे, तरी ‘सर्वोत्तम’शिवाय आपलं भागत नाही.

चौथा: ‘क्वाइट गुड’सारखे शब्द जपून वापरा. ब्रिटिश कानाला ते ‘बऱ्यापैकी’ असं ऐकू येतं, अमेरिकन कानाला ‘चांगलंच’. शिफारसपत्रात त्यापेक्षा घडलेली गोष्ट लिहा. त्या मुलाचं पत्र मी नव्याने लिहिलं: आराखड्यातली चूक त्याने यंत्र बनायच्या आधी पकडली, आणि शेजारच्या टेबलावरच्यांना मदत केली ती न सांगता. एकही विशेषण लागलं नाही.

पाचवा नियम जर्मनीत नोकरी करणाऱ्यांसाठी. कागद हातात पडला की त्याच आठवड्यात जाणत्या माणसाला दाखवा. दुरुस्ती मागता येते, पण अशा मागण्यांना करारात बऱ्याचदा काही महिन्यांचीच मुदत असते. साहेब बदलणार असेल तर जाण्यापूर्वी त्याच्याकडून मधल्या काळाचं प्रशस्तिपत्र मागून ठेवा. आणि इंग्रजी प्रत घेतलीत तरी जर्मन मूळ प्रत घ्याच.

या सगळ्याचं सार एका प्रश्नात आहे. स्तुतीचा शब्द मिळाला किंवा द्यायचा असला, की विचारायचं: याच्या वरच्या पायरीवर कोणता शब्द होता, आणि तो का वापरला नाही? माझ्या ‘फुल’मध्ये दोष नव्हता. शेजारी ‘नेहमी’ नव्हतं, ते मी पाहिलं नाही.

हा प्रश्न उलटाही लागू पडतो. आमचे बाबा आईच्या स्वयंपाकाला आयुष्यभर ‘बरं झालंय’ म्हणत आले. त्यांच्या शिडीला त्यावर पायरीच नाही. आमच्या स्टुटगार्टच्या श्वाबेन भागात तर म्हणच आहे, की बोलणी बसली नाहीत म्हणजे पुरेसं कौतुक झालं. होळीला मी खालच्या आजींना पुरणपोळी नेऊन दिली. त्यांनी एक घास खाल्ला, विचार केला आणि म्हणाल्या, “खाण्यासारखं आहे.”

त्या संध्याकाळी मी सांगलीला फोन केला. या वेळी चूक केली नाही, आईला सांगितलं, “एक मिळाला.”