ध्रुवावरील उबदार दरी : एक कल्पनाबंध आणि मराठी वाचक

उत्तर हिमप्रदेशातील अद्भुत साहसकथांचा कल्पनाबंध ठरलेला आहे. बर्फाची अफाट ओसाडी ओलांडताच नायकाला हिरवी, उबदार भूमी लागते. १८१८ मध्ये अमेरिकेतील जॉन सिम्स याने पृथ्वी पोकळ असून ध्रुवांपाशी तिची द्वारे आहेत असे जाहीर केले. पुढे ज्यूल व्हर्नने ध्रुवावर ज्वालामुखी कल्पिला, तर एडगर राइस बरोजने टारझनला ध्रुवीय विवरातून भूगर्भात उतरविले.

या कल्पनाबंधाचे सर्वांत गंभीर रूप मात्र स्वस्त कागदावरील मासिकांत नव्हे, तर लोकमान्य टिळकांच्या १९०३ मधील ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात आढळते. उषासूक्तांतील दीर्घ उषा, देवांचा सहा महिन्यांचा दिवस यांवरून त्यांनी आर्यांचे मूलस्थान हिमयुगापूर्वीच्या सौम्य ध्रुवप्रदेशात मानले. विल्यम वॉरन यांचा याच दिशेचा १८८५ चा ग्रंथ त्यांच्यासमोर होता. हा सिद्धान्त आज विद्वन्मान्य नाही. टिळकांना अद्भुतकथाकार ठरविण्याचा येथे हेतू नाही. परंतु उबदार ध्रुव आणि बर्फाआड हरवलेले स्थान ही रचना तीच आहे. भेद एवढाच, की साहसकथेचा नायक त्या भूमीत परका म्हणून शिरतो, टिळकांचा आर्य तेथून घर सोडून निघालेला असतो. पारतंत्र्याच्या काळात हा भेद क्षुल्लक नव्हता.

१९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी आवृत्तीत फँटमचा ‘वेताळ’ झाला. गावशिवेवरचा वेताळ ठाऊक असलेल्या वाचकाला हा अरण्यरक्षक लगेच उमगला. बर्फाला असे देशी रूप लाभले नाही. ‘हिम’ संस्कृत, ‘बर्फ’ फारसी; हिमनग, हिमनदी हे घडविलेले शब्द. ‘स्नो’ आणि ‘आइस’ या दोहोंना अनुवादक ‘बर्फ’च म्हणतो, त्यामुळे भुसभुशीत आणि टणक यांतला जीवनमरणाचा फरक मराठीत पुसला जातो. भातसेकाठच्या सापगावातील वाचकाने फार तर गारा पाहिलेल्या, किंवा भुशात गुंडाळलेली लादी. त्याच्या लेखी ध्रुव हा प्रदेश नसून केवळ पांढरा रिकामा कागद ठरतो.

हे रिकामेपण निरुपद्रवी नाही. त्या प्रदेशात इन्यूट लोक शतकानुशतके राहत आले. कथेत मात्र ते ‘एस्किमो’ या एकाच शब्दात, कुत्र्यांच्या गाडीसह, वाटाड्ये म्हणून येतात. शहापूर-मुरबाडच्या कातकरी, ठाकर, वारली समाजांना मराठी कथात्म साहित्याने पुष्कळदा हेच स्थान दिले आहे. वाचक नायकाच्या जागी बसतो. आश्रमशाळेतील कातकरी मुलगा हीच कथा वाचताना कोणाच्या जागी बसतो, हा प्रश्न आपल्या वाचकलक्ष्यी समीक्षेला पडावयास हवा होता. १९०९ मध्ये ध्रुव गाठल्याचा वादग्रस्त दावा करणाऱ्या पिअरीसोबत अखेरच्या टप्प्यात कृष्णवर्णीय सहकारी मॅथ्यू हेन्सन आणि चार इन्यूट होते : ऊटा, एगिंग्वा, सीग्लू व ऊकेआ. ही नावे नोंदलेली आहेत. साहसकथेतील वाटाड्याला बहुधा नावच नसते.