जिवंत परतलेल्या शिपायाची सेवा

शास्त्रपाठ : १ राजे १९ : १–१८

हा धडा मंडळीपुढे मांडण्यापूर्वी वरील उतारा घरी दोनदा सावकाश वाचावा. कर्मेल पर्वतावर जय मिळविलेला एलीया ईजबेलीच्या धमकीने जीव घेऊन पळतो, ही कथा आपल्या परिचयाची आहे. तिजवर बहुधा असा उपदेश होतो की, विश्वास डळमळला म्हणजे मोठे भक्तही भितात. मीही पुष्कळ वर्षे तसाच उपदेश केला. आता करीत नाही, त्याचे कारण सांगतो.

आमच्या शहापूर-मुरबाडकडील गावांतून काही तरुण पोलिसांत भरती होऊन ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे चाकरी करितात. त्यांपैकी आमच्या मंडळीचा एक हवालदार बंदोबस्तावर असता जमावाच्या हाती सापडला. डोक्यास टाके पडले, बरगडी मोडली, पण प्राण वाचला. तो घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मी त्याला उपासनेत उभे केले व देवाने कसे तारिले ह्याची साक्ष देण्यास सांगितले. तो दोन वाक्ये बोलला. मग त्याच्या अंगास दरदरून घाम सुटला आणि तो दाराबाहेर निघून गेला. त्यानंतर सात महिने तो उपासनेस आला नाही. कोणी म्हणाले, गर्व चढला. कोणी म्हणाले, विश्वास सुटला. कोणी बाहेरच्या बाधेचेही नाव काढिले. त्याला रात्री झोप नाही, फटाका वाजला की तो भिंतीला पाठ लावून बसतो, लेकरांवर विनाकारण ओरडतो, हे त्याच्या पत्नीने माझ्या पत्नीस सांगितले तेव्हा कोठे माझे डोळे उघडले.

आता एलीयाकडे पाहा. बैर-शेबा येथे तो आपल्या चाकरास मागे ठेवितो आणि एकटाच रानात जातो. सोबत नकोशी होणे, हे पहिले चिन्ह. रतामाच्या झुडुपाखाली बसून तो मरण मागतो आणि निजतो. त्या वेळी देवदूत काय करितो? तो बोध करीत नाही, कर्मेलाची आठवण देत नाही. तो त्याला स्पर्श करून खावयास सांगतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचे पात्र आहे. एलीया खातो आणि पुन्हा निजतो. त्याबद्दलही त्याला कोणी दोष देत नाही. दूत दुसऱ्यांदा येतो तोही भाकर घेऊनच, आणि पुढची वाट तुला झेपण्यासारखी नाही, हे आपण होऊन कबूल करितो. देवाचा पहिला प्रश्न येतो तो चाळीस दिवसांनंतर, होरेबाच्या गुहेत. तेथेही एलीया आपले गाऱ्हाणे दोन वेळा सांगतो. दहावे व चौदावे वचन शेजारी ठेवून वाचा. दुसऱ्या वेळीही तेच शब्द आहेत. प्रभू त्याला मध्येच थांबवीत नाही.

त्या गाऱ्हाण्याचा शेवट असा की, बाकी सर्व मारिले गेले, आपण तेवढे उरलो. हे शब्द आमच्या काळातील एका मराठी शिपायालाही लागू पडतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत कामा इस्पितळाजवळ एका पोलीस गाडीवर अतिरेक्यांनी गोळ्या झाडल्या. आत सात जण होते. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर व तीन शिपाई मरण पावले. एकटे अरुण जाधव जखमी स्थितीत वाचले. मारेकऱ्यांनी पुढील तिघांची प्रेते रस्त्यावर टाकिली व तीच गाडी हाकून नेली. मागे सहकाऱ्यांच्या देहांमध्ये जाधव निपचित पडून होते. गाडी सोडून मारेकरी गेल्यावर त्यांनीच बिनतारी यंत्रावरून खबर दिली. पुढे ते चाकरीवर परतले आणि न्यायालयात त्यांनी कसाबविरुद्ध साक्ष दिली. ३ मे २०१० रोजी कसाब दोषी ठरला. खटल्याला शेवट असतो. पण ती रात्र विसरता येत नाही, असे जाधवांनी पुढे सांगितले आहे.

ठाण्यातच ३० ऑगस्ट २०२१ रोजी कासारवडवली येथे महापालिकेच्या साहाय्यक आयुक्त कल्पिता पिंपळे यांच्यावर एका फेरीवाल्याने सुऱ्याने वार केला. त्यांची बोटे तुटली, आणि त्यांना वाचविणाऱ्या अंगरक्षकाचेही बोट गेले. साहेबांच्या भेटीस पुष्कळ लोक येतात. शिपायाच्या दारी बहुधा मंडळीनेच जावे लागते.

ह्या दुखण्यास वैद्य आघातोत्तर मानसिक ताण म्हणतात. १९१४–१८ च्या महायुद्धात असे झालेल्या काही सैनिकांना भ्याड ठरवून त्यांच्याच सैन्याने गोळ्या घातल्या. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी त्याला रोगांच्या यादीत आजचे नाव दिले. प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा उभा राहणे, त्या जागा व त्या गोष्टी टाळणे, लहानशा आवाजाने दचकणे, आपल्याच माणसांविषयी मन बधिर होणे, ही त्याची लक्षणे. पहिले काही आठवडे असे पुष्कळांना होते आणि आपोआप ओसरते. महिना लोटूनही ओसरले नाही, तर वैद्याकडे गेलेच पाहिजे. येथे माझ्या चुकीचे नावही सापडते. अशा माणसाला लगेच एकदा बसवून सर्व हकिगत वदवून घ्यावी, अशी पूर्वी कित्येक ठिकाणी रीत होती; पारखून पाहता तिने आजार टळत नाही, आणि काहींचा तर वाढतो, असे दिसून आले. शिकलेला समुपदेशक तीच आठवण रुग्णाच्या मर्जीने, थोडी थोडी, पुष्कळ बैठकींत उघडवितो. त्याने गुण येतो. ते काम व्यासपीठावरून होण्याजोगे नाही.

आमच्याकडे ठाण्याचे नाव काढिले की लोक १९०१ साली स्थापिलेले मनोरुग्णालय आठवून हसतात. उपदेशकांनी ह्या हसण्यात सामील होऊ नये. त्यामुळे किती जण वैद्याच्या दारापासून परत फिरतात! ज्याला तेथवर जाण्याचा धीर नाही, त्याने १४४१६ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. टेली-मानस नावाची ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ती विनामूल्य असून तेथे मराठीत बोलता येते. रुग्ण दारूस लागला किंवा मरणाची भाषा बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नये, आणि शस्त्र त्याच्या हाताशी राहू नये म्हणून घरच्यांनी त्याच्या वरिष्ठांस विनासंकोच सांगावे. ह्यात त्याची बेअब्रू नाही.

भेटीस जाल तेव्हा काही तरी खावयास न्या. प्रार्थना करू का, असे विचारा, आणि तो नको म्हणाला तर रागावू नका. त्याच्या पत्नीचीही विचारपूस करा. तिचीही झोप गेलेली असते.

आमच्या हवालदाराची मी क्षमा मागितली. तो पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग चहा घ्या म्हणाला. कल्याणास एका वैद्यांकडे त्याचे वर्षभर जाणे चालले, आणि पहिल्या काही खेपांस आमचे एक वडील लोकलने त्याच्याबरोबर गेले. आता तो उपासनेस येतो. शेवटल्या बाकावर दाराच्या कडेची जागा त्याची आहे; पावसाची झड आत आली तरी ते दार आम्ही उघडेच ठेवितो.