साधनांची निवड आणि कसोटी

निर्जन व दुर्गम प्रदेशात प्रवासास निघणाऱ्या माणसाच्या हातून साधने निवडताना दोन चुका हमखास घडतात. जुने ते अनुभवसिद्ध म्हणून विचार न करता पत्करणे ही पहिली, आणि नवे ते शास्त्रीय म्हणून कसोटी न लावता पत्करणे ही दुसरी. या दोन्ही चुका कशा टाळता येतात याचा उत्तम वस्तुपाठ १९२२ सालच्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत आढळतो. तो घालून देणारे जॉर्ज इंगल फिंच हे गिर्यारोहक तर होतेच, पण व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ होते.

त्या काळी गिर्यारोहकांचा पोशाख म्हणजे लोकरी कपड्यांचे एकावर एक थर आणि त्यांवर वारा अडविणारा अंगरखा. फिंच यांनी मात्र स्वतःसाठी एक वेगळाच कोट तयार करविला. आकाशात सोडावयाच्या मोठ्या फुग्यांसाठी जे कापड वापरीत, त्याचा हा कोट होता आणि त्याच्या आत आयडर नावाच्या बदकाची मऊ पिसे भरलेली होती. सहकाऱ्यांनी त्याची थट्टा केली. पुढे तिबेटच्या पठारावरील बोचरे वारे सुरू झाले, तेव्हा थट्टा थांबली आणि तिची जागा हेव्याने घेतली.

या कोटामागील तत्त्व साधे आहे. ऊब पिसांत नसते. पिसांच्या असंख्य तंतूंमध्ये अडकून स्थिर राहिलेली हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. वारा आत शिरला की ही स्थिर हवा हलते आणि ऊब नाहीशी होते. म्हणून बाहेरचे कापड वाऱ्याला दाद न देणारे हवे. पिसे भिजली तर ती चिकटून बसतात व हवेला जागा उरत नाही. म्हणजेच कोरड्या थंडीत जो पोशाख अतुलनीय ठरतो, तोच संततधार पावसात कुचकामी ठरू शकतो. साधनाचा गुण हा असा नेहमी स्थळकाळसापेक्ष असतो.

प्राणवायूच्या उपकरणांची कथा याहून बोधप्रद आहे. मोहिमेबरोबर आलेली उपकरणे कारखान्यात कौशल्याने बनविलेली होती. परंतु लांबच्या प्रवासात आणि तिबेटच्या शुष्क हवेत त्यांचे सांधे गळू लागले. त्यांचे मुखवटेही उपयोगी पडेनात. फिंच यांनी हत्यारे हाती घेतली व सांधे दुरुस्त केले. मुखवट्याऐवजी त्यांनी काचेची तिहेरी नळी आणि मुलांच्या चेंडूत असतो तसला रबरी फुगा यांची जोडणी केली. श्वास सोडताना दातांनी नळी दाबून धरावयाची. तेवढ्या वेळात सतत वाहणारा प्राणवायू फुग्यात साठतो, वाया जात नाही. श्वास घेताना दात सैल करावयाचे, की साठलेला वायू मिळतो.

या ओबडधोबड युक्तीची खरी परीक्षा मे महिन्याच्या अखेरीस झाली. फिंच, जेफ्री ब्रूस आणि गुरखा शिपाई तेजबीर यांनी सुमारे २५,५०० फुटांवर तंबू ठोकला. वादळामुळे त्यांना तेथे दोन रात्री काढाव्या लागल्या. दुसऱ्या रात्री थंडीने गात्रे बधिर होऊ लागली, तेव्हा आळीपाळीने घेतलेल्या प्राणवायूने त्यांच्या शरीरात पुन्हा ऊब आणली. २७ मे रोजी तिघे पुढे निघाले. तेजबीर यांना वाटेतून परतावे लागले. फिंच व ब्रूस सुमारे २७,३०० फुटांवर पोहोचले असताना ब्रूस यांच्या उपकरणातील काचेची नळी फुटली आणि त्यांचा प्राणवायू बंद पडला. ते कोलमडू लागताच फिंच यांनी त्यांना सावरून आपल्या उपकरणातील वायू दिला, बरोबर घेतलेली राखीव नळी बसविली आणि बिघाड दूर केला. त्या वेळेपर्यंत इतक्या उंचीवर कोणीही चढले नव्हते. तरीही शिखराचा मोह सोडून दोघे मागे फिरले, आणि जिवंत परत आले.

राखीव नळी हे नशीब नव्हते. ते उपकरण अनेकदा उघडून पाहिलेल्या माणसाला त्यातील कोणता भाग नाजूक आहे हे आधीच ठाऊक होते. आपल्या लहानशा सहलीलाही हाच नियम लागू पडतो. नवी पादत्राणे घालून, पाठीवर पूर्ण ओझे घेऊन आधी घराजवळच्या टेकडीवर चढावे. एक रात्र उघड्यावर काढून पांघरूण पुरते की नाही ते पाहावे. अंधारात, हातमोजे घालून तंबूच्या दोऱ्या बांधून पाहाव्यात. जे मोडेल असे वाटते त्याचा जादा भाग बरोबर घ्यावा, आणि जे साधन स्वतःला उघडता व दुरुस्त करता येत नाही, त्याच्यावर सर्वस्वी जीव सोपवू नये.

१९२४ च्या मोहिमेत फिंच यांना स्थान मिळाले नाही. परंतु १९५३ मध्ये तेनसिंग नोर्गे व एडमंड हिलरी शिखरावर पोहोचले, तेव्हा पिसांचे कपडे आणि प्राणवायू ही दोन्ही साधने त्यांच्याबरोबर होती. त्या वर्षी फिंच पुण्यात होते. १९५२ पासून १९५७ पर्यंत त्यांनी तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संचालकपदाची धुरा सांभाळली. एके काळी ज्या कोटाची थट्टा झाली होती, त्यामागील विचार तोवर सर्वमान्य झाला होता.