पीटीच्या फेऱ्यांनी फुफ्फुसं वाढतात का?

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे. शाळेत रोज मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. ‘फुफ्फुसं मोठी होतात,’ असं सर सांगतात. ती मात्र थांबल्यावर खोकत बसते. सरांचं खरं मानायचं, की पीटीतून सूट मागायची?
– एक पालक, नाशिक

उत्तर : सरांचा हेतू चांगला आहे, शरीरशास्त्र जरा कच्चं. फुफ्फुसं वाढतात ती मुख्यतः वयाबरोबर आणि उंचीबरोबर. जन्मतः काही कोटी असलेले वायुकोश मोठेपणी ३० ते ५० कोटींच्या घरात जातात, मैदान असो वा नसो. फेऱ्यांनी तयार होतं ते हृदय आणि पायांचे स्नायू. मग तेवढ्याच श्वासात जास्त पळता येतं. हा फायदा काही थोडाथोडका नाही.

आता खोकल्याचं. सराव नसलेलं मूल पळताना धापा टाकतं आणि थांबलं की दोन-चार मिनिटांत सावरतं. दम्याची प्रवृत्ती असेल तर बहुधा उलटं होतं. त्रास थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी सर्वांत जास्त असतो आणि अर्ध्या-एक तासात ओसरतो. पळताना तोंडाने भराभर श्वास घेतला जातो, थंड कोरडी हवा श्वासनलिकांचा ओलावा शोषून घेते आणि त्या आवळतात. डिसेंबरातली नाशिकची सकाळ तर यासाठी अगदी ‘आदर्श’!

तेव्हा सूट मागू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. पळण्याआधी आणि नंतर फुंकर मारायला लावून श्वासाचा जोर मोजता येतो. दमा निघालाच तर पळण्याआधी दहा-पंधरा मिनिटं घ्यायचा पंप डॉक्टर देतील. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून तो टाळू नका. मात्र तो एरवीही वारंवार लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, रोजचं औषध हवं. फेऱ्यांआधी हळू चालणं आणि मधूनमधून छोट्या धावा असा दहा मिनिटांचा वॉर्म-अप ठेवला, तर पुष्कळ मुलांना पुढचे तास-दोन तास त्रास कमी होतो.

आणि हवा? कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. जिथे ओझोन जास्त होता, तिथे तीन किंवा अधिक खेळ खेळणाऱ्या मुलांना दमा होण्याचं प्रमाण न खेळणाऱ्यांच्या तिपटीहून अधिक निघालं. स्वच्छ हवेच्या गावांत तसं काही दिसलं नाही. म्हणजे दोष खेळाचा नव्हता. पळताना आपण कितीतरी जास्त हवा आत घेतो, तीही नाकाची गाळणी चुकवून. आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी धूर जमिनीलगत कोंडून राहतो. मैदानाच्या कुंपणाशी कचरा पेटलेला असेल, तर त्या दिवशी पीटी हॉलमध्ये घ्या किंवा शेवटच्या तासाला, असं शाळेला बेलाशक सांगा.

सरांना भेटाल तेव्हा पंप कुठे ठेवायचा, तेही ठरवा. दुसऱ्या मजल्यावरच्या कुलूपबंद वर्गात, दप्तराच्या तळाशी असलेला पंप मैदानावर कामाचा नाही.