तारण आणि वैयक्तिक श्रद्धा : पंडिता रमाबाईंचा शोध

ख्रिस्ती धर्मविचाराचा मध्यबिंदू तारण हा आहे. मनुष्य पापामुळे ईश्वरापासून दुरावला आहे. हा दुरावा त्याला स्वतःच्या पुण्यकर्मांनी दूर करता येत नाही. तो ईश्वराने आपल्या कृपेने, येशू ख्रिस्ताच्या बलिदानाद्वारे दूर केला आहे, अशी या धर्माची शिकवण आहे. मात्र ही कृपा एकेका व्यक्तीपर्यंत पोहोचते कशी, या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेने एकच उत्तर दिलेले नाही. चर्च, त्याचे संस्कार आणि त्याची धर्ममते यांच्या द्वारा ती पोहोचते, असे एक उत्तर आहे. मनुष्याने पश्चात्तापपूर्वक स्वतः ख्रिस्तावर विश्वास टाकला पाहिजे, त्याखेरीज बाह्य संस्कार अपुरे आहेत, असे दुसरे. ही दोन उत्तरे नेहमीच परस्परविरोधी असतात असे नव्हे; परंतु त्यांच्यातील ताण या धर्माच्या इतिहासात वारंवार प्रकट झालेला दिसतो.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने संत पौलाच्या पत्रांच्या आधारे, मनुष्य श्रद्धेनेच नीतिमान ठरतो, असे प्रतिपादन केले. पुढे जर्मनीतील भक्तिपंथीयांनी या श्रद्धेच्या आंतरिक अनुभवावर भर दिला. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली हा दीक्षित धर्मोपदेशक होता, नियमाने उपवास व प्रार्थना करीत होता. तरीही आपल्या पापांची क्षमा झाली आहे, अशी खात्री त्याला 24 मे 1738 रोजी लंडनमधील एका प्रार्थनासभेत प्रथम लाभली. धर्माचे सर्व आचार पाळणाऱ्या मनुष्यालाही तारणाची प्रतीती नसू शकते, हा या घटनेचा अर्थ होय. भारतात याच प्रश्नाशी झुंज घेतलेल्या व्यक्तींमध्ये पंडिता रमाबाई (1858–1922) यांचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे.

रमाबाईंचा जन्म पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताला न जुमानता आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले. हे कुटुंब तीर्थाटन करीत व पुराणे सांगत देशभर हिंडले. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण यांचा अंत झाला. व्रते केली, दाने दिली, तीर्थे पाहिली. तरी देवाने हाक ऐकली नाही, ही वेदना रमाबाईंच्या मनात राहिली. 1878 साली त्या भावासह कलकत्त्यास आल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तेथेच धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचताना त्यांच्या ध्यानात आले की, इतर अनेक बाबतींत एकमेकांशी न जुळणारे हे ग्रंथ स्त्रीच्या अपात्रतेबाबत मात्र एकमत आहेत. पतिसेवेवाचून तिला स्वतंत्र मोक्षमार्ग नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मोक्षाचा प्रश्न अशा रीतीने त्यांच्यापुढे केवळ तात्त्विक प्रश्न म्हणून आला नाही. स्त्री या नात्याने ईश्वरासमोर उभे राहण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही, या रूपाने तो आला.

विवाहानंतर सिल्चर येथे लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती आली. 1882 साली पती बिपिनबिहारी मेधावी वारले. त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि 1883 साली लहानग्या मनोरमेसह त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. लंडनमधील फुलहॅम येथे समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी भगिनींनी चालविलेले कार्य पाहून त्या अंतर्मुख झाल्या. अशा स्त्रियांविषयी एवढी करुणा कोठून येते, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. ख्रिस्त त्या तिरस्कृत स्त्रीशी खऱ्या उपासनेविषयी बोलतो, हे त्यांना अपूर्व वाटले. 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

तथापि शोध येथे संपला नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाई त्रैक्याच्या सिद्धान्तावर आणि चर्चच्या धर्ममतांवर निर्भीडपणे शंका उपस्थित करतात. एका पुरोहितवर्गाचे दास्य सोडून दुसऱ्याचे पत्करण्यास त्या तयार नव्हत्या. आपल्या सद्सद्विवेकबुद्धीला ईश्वरापुढे स्वतः उत्तर द्यावयाचे आहे, ही त्यांची भूमिका होती. जेराल्डिनबाईंना हा अहंकार वाटला. पण त्यांचीही बाजू दुर्लक्षिण्यासारखी नाही : प्रत्येकाने आपल्यापुरता धर्म ठरविला तर अनेक पिढ्यांनी जपलेल्या समान श्रद्धेचे काय, हा त्यांचा प्रश्न खरा होता.

बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, म्हणजे 1891 च्या सुमारास, रमाबाईंना आपल्यातील उणीव जाणवली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांनी आपल्या निवेदनात नमूद केले आहे. विल्यम हॅस्लम या अँग्लिकन धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त या सुमारास त्यांच्या वाचनात आले. इतरांना उपदेश करीत असतानाच आपले स्वतःचे तारण झालेले नाही, हे हॅस्लमला उमगले होते. रमाबाईंनी पुन्हा बायबल अभ्यासले. पुण्यसंचय करण्याची किंवा सर्व शंका मिटण्याची वाट पाहण्याची गरज नाही, आहोत तसे ख्रिस्ताला शरण जावे, या निर्णयाप्रत त्या आल्या आणि त्यांना शांती लाभली.

या आंतरिक घटनेचे सामाजिक परिणाम लवकरच दिसून आले. 1889 साली मुंबईत सुरू झालेले व पुढे पुण्यास आलेले शारदा सदन हे विधवांचे विद्यालय धर्मनिरपेक्ष राहील, असे आश्वासन होते. रमाबाई मुलींवर धर्म लादीत नव्हत्या. पण त्यांच्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसत. 1893 साली यावरून वादळ उठले. न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. स्वतःच्या श्रद्धेचे स्वातंत्र्य आणि इतरांनी टाकलेला विश्वास यांची सीमारेषा कोठे आखावी, हा या वादाचा गाभा होता. दोन्ही पक्षांकडे बळकट कारणे होती.

1896 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा आणल्या. पुण्याजवळील केडगाव येथे त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ ही वसाहत उभी राहिली. मराठी ख्रिस्ती समाजात रूढ असलेल्या ‘तारण’ या शब्दाऐवजी येथे आलेला शब्द अर्थपूर्ण आहे. तरुणपणी ज्या मुक्तीची अपात्रता स्त्रीवर लादलेली त्यांनी वाचली होती, तोच शब्द अन्न, शिक्षण, उद्योग आणि उपासना यांनी युक्त अशा स्त्रियांच्या वसतिस्थानाचे नाव झाला. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालविली. कोणत्याही मध्यस्थाशिवाय सामान्य स्त्रीला ईश्वराचे वचन वाचता यावे, ही त्यामागील तळमळ होती.

ईश्वराशी वैयक्तिक नाते म्हणजे केवळ खाजगी समाधान, असा समज होण्याचा संभव आहे. रमाबाईंचे चरित्र तो दूर करते. या नात्याने त्यांना चर्चच्या आज्ञेपासून व समाजाच्या मान्यतेपासून स्वतंत्र केले. परंतु त्यांनी त्याची किंमतही मोजली, आणि त्या स्वातंत्र्याचा उपयोग ज्यांना कोठेही आधार नव्हता अशांसाठी केला. तारण हे कर्माचे फळ नसून कर्माचा उगम आहे, या ख्रिस्ती सिद्धान्ताचा अर्थ केडगावच्या शेतात आणि शाळेत अधिक स्पष्टपणे वाचता येतो.