गोल्फच्या स्टिक ऑनलाइन मागवाव्यात का?

प्रश्न : नोकरीनिमित्त पुण्यात असलेल्या मुलाला गोल्फची गोडी लागलीय. वाढदिवसाला पूर्ण सेट पाठवायचा आहे. नामांकित ब्रँड ऑनलाइन अर्ध्या किमतीत दिसतोय. घेऊ का?
– एक वाचक, खामगाव

उत्तर : जरा थांबा. अर्धी किंमत दिसली की आधी विक्रेत्याचं नाव-पत्ता शोधा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तो दाखवावाच लागतो. नकली स्टिक फोटोत अस्सलच दिसतात.

आणि पूर्ण सेट कशाला? नियमाने बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब (म्हणजे स्टिक) चालतात, पण नवशिक्याला एक वुड, ५, ७, ९ नंबरचे आयर्न, सँड वेज आणि पटर पुरे. मुलाची उंची, मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर विचारून घ्या. डावखुरा असेल तर क्लबच वेगळे. शाफ्ट (दांडा) ‘रेग्युलर’ हवा की ‘स्टिफ’, हे स्विंग पाहिल्याशिवाय कळत नाही; ते त्याच्या कोचनेच सांगावं. (वाढदिवसाची गंमत जाईल, जाऊ द्या.)

बिल जपा, खोकं उघडताना व्हिडिओ काढा. फसगत झालीच तर आधी १९१५ या हेल्पलाइनला फोन करा. विक्रेता कुठलाही असो, तक्रार बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही.