हात चालले, माणूस चालला नाही

थेरगावातील वेंगसरकर अकादमीच्या मैदानाकडे पाठीवर क्रिकेटची बॅग घेऊन जाणारी मुले आपण नित्य पाहतो. आपल्या वसतिगृहातील मुलेही आम्हांस विचारतात, “सर, चांगले खेळले की निवड होतेच ना?” या प्रश्नाच्या उत्तरासाठी आम्हांस इतिहासातील दोन खेळाडूंकडे वळावे लागते.

पहिले अमेरिकेतील. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्यास ‘कॅचर’ म्हणतात. त्याचे काम आपल्या यष्टिरक्षकासारखे. शिवाय कोणता चेंडू टाकावा, हे तो गोलंदाजास खुणेने सुचवितो. मोझेस फ्लीटवुड वॉकर हे महाविद्यालयात शिकलेले कृष्णवर्णीय कॅचर १८८४ साली टोलेडो संघातर्फे वरिष्ठ व्यावसायिक स्पर्धेत उतरले. हातांना पुरेसे संरक्षण नसण्याचा तो काळ होता. त्यांच्याच संघातील गोरा गोलंदाज टोनी मुलेन याने पुढे कबूल केले की, वॉकर हे उत्कृष्ट कॅचर होते; तरीही केवळ वर्णामुळे आपण त्यांच्या खुणा मानीत नसू. म्हणजे कोणता चेंडू येणार हे ठाऊक नसताना वॉकर तो झेलीत होते! त्या स्पर्धेत ते ४२ सामने खेळले. १८८७ साली ते नेवार्क संघात असताना त्यांच्या लीगच्या मालकांनी ठराव केला की, यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार करावयाचे नाहीत. १८८९ नंतर वॉकर व्यावसायिक खेळातून बाहेर पडले. वरिष्ठ स्पर्धेचे बंद दार १९४७ साली जॅकी रॉबिन्सन यांच्यासाठी उघडले; वॉकर १९२४ मध्येच निवर्तले होते.

दुसरे आपल्या पुण्याचे. १८७६ साली धारवाड येथे चर्मकार कुटुंबात जन्मलेले पळवणकर बाळू पूना क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची निगा राखीत. इंग्रज अधिकाऱ्यांना सरावासाठी ते तासन्‌तास गोलंदाजी करीत. फलंदाजीची संधी त्यांना कधी मिळाली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले, कारण इंग्रजांना हरवावयाचे होते. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चालला. चहा मात्र त्यांना बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० साली या अन्यायाच्या निषेधार्थ त्यांचे बंधू शिवराम व विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली. १९२३ साली विठ्ठल त्याच संघाचे कर्णधार झाले. थोरल्या भावाच्या बळींनी जे घडले नाही, ते निषेधानंतर घडले.

बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. तेवढ्यावरून आपल्यातील काही जण त्यांचे नाव घेणे टाळतात. आम्हांस हे उचित वाटत नाही. इंग्लंडहून परतलेल्या बाळूंच्या गौरवात तरुण भीमरावांचाही सहभाग होता, हे विसरू नये. मतभेदाची नोंद इतिहासाने जरूर ठेवावी. परंतु मातीच्या त्या भांड्याचा अपमान ज्याने सोसला, त्याला आपणच पुन्हा पंगतीबाहेर बसवू नये.

मुलांनो, आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. चांगले खेळले की निवड होतेच, असे नाही. वॉकर आणि बाळू कौशल्यात उणे नव्हते. निर्णय ज्या खोलीत होत होता, तेथे त्यांना स्वतःला जागा नव्हती. म्हणून मैदानावर घाम गाळा आणि शिकून त्या खोलीतही जाऊन बसा. आमचे जे माजी विद्यार्थी आज चाकण-भोसरीच्या कारखान्यांत, कार्यालयांत इतरांची निवड करण्याच्या जागी पोहोचले आहेत, त्यांना एवढेच सांगणे: समोरच्याचे काम पाहा, आडनाव नव्हे, आणि त्याने केलेली खूण माना.